पायरीवरचे नाव

रायगडावर गेलेला माणूस जगदीश्वराचे दर्शन घेतल्यावाचून सहसा परतत नाही. देवळाच्या दाराशी आला की त्याची नजर आपोआप वर जाते. आत देव आहे, पलीकडे महाराजांची समाधी आहे. अशा ठिकाणी पायाखाली कोण पाहणार? पण तेथेच, पायरीच्या दगडावर, चार-पाच शब्द कोरलेले आहेत : ‘सेवेचे ठायीं तत्पर हिरोजी इटळकर’. शेकडो वर्षे लोक त्या दगडावर पाय ठेवून देवाला गेले आणि पाय ठेवूनच परत आले. काहींनी तो वाचला, पुष्कळांनी नाही वाचला.

हा हिरोजी कोण, हे आमच्या महाड-पोलादपूरकडच्या शाळकरी मुलालाही सांगता येते. ज्याने रायगड बांधला तो. आम्हा वरंधच्या लोकांना रायगड काही परका नाही. वरंध घाट उतरून खाली आले की शिवथरघळ डाव्या-उजव्या हाताचे शेजार, महाड आमची बाजारपेठ आणि रायगड आमच्या शाळांची ठरलेली सहल. परंतु ‘रायगड बांधला’ या दोन शब्दांत नेमके काय काय येते, आणि तो बांधणाऱ्याला आपले नाव तेथे कोरण्याचा अधिकार कशाने मिळाला, याचा विचार आपण क्वचितच करतो. दिवाळीच्या या दिवसांत घरोघरच्या अंगणात मातीचे किल्ले उभे राहत असताना तो विचार करणे अगदीच अस्थानी होणार नाही, असे वाटते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हिरोजीचे चरित्र म्हणून जे सांगितले जाते, त्यात इतिहास थोडा आणि दंतकथा फार. महाराज आग्र्यात अडकले असता पैसा अपुरा पडला, तेव्हा हिरोजीने स्वतःचा वाडा विकून गडाचे काम चालू ठेवले, ही कथा सर्वांच्या तोंडी आहे. गड पुरा झाल्यावर महाराजांनी ‘काय हवे ते माग’ म्हटले, तेव्हा त्याने धन मागितले नाही, वतन मागितले नाही. देवळाच्या पायरीवर आपल्या नावाचा एक दगड बसवू द्यावा, म्हणजे दर्शनाला येता-जाता महाराजांच्या पायांची धूळ त्यावर पडेल, एवढेच मागितले, हीही कथा तशीच. या कथांना समकालीन कागदाचा आधार नाही. आडनावही कोणी ‘इटळकर’ वाचतात, कोणी ‘इंदुलकर’ म्हणतात. आग्र्याच्या सुटकेत ज्याचे नाव येते तो हिरोजी फर्जंद. तो निराळा, हा निराळा. सिंधुदुर्गाच्या बांधणीशीही याचेच नाव जोडले जाते. इतके सारे धुके बाजूला सारले तरी दोन गोष्टी उरतातच : एक गड आणि एक दगड. माणसाची ओळख पटवायला याहून अधिक काय लागते?

आता त्या गडाकडे वळू.

१६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव झाला आणि रायरीचा डोंगर महाराजांच्या हाती आला. पुढे राजगडावरून राजधानी येथे आणायचे ठरले. ठरवले महाराजांनी. डोंगर निवडला महाराजांनी. चहूंकडून तुटलेले कडे, भोवती सह्याद्रीच्या रांगा, खाली काळ आणि गांधारी नद्यांची खोरी, समुद्र फार दूर नाही आणि शत्रूच्या तोफा वर चढवणे कठीण. ही सारी पारख राज्यकर्त्याची. पण डोंगर म्हणजे राजधानी नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेल्या त्या माथ्यावर माणसांनी राहायचे, हत्ती-घोड्यांनी राहायचे, दरबार भरायचा, परमुलखाचे वकील यायचे, आणि हे सगळे आमच्या या मुलखातल्या पावसात! येथे पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाणी कोसळते, आणि मार्च उजाडला की त्याच डोंगरावर घोटभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. तेव्हा महाराजांनी सांगितले ‘काय हवे’ ते. ‘कसे व्हावे’ हे ज्याला सांगायचे होते तो हिरोजी.

प्रथम पाणी. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र हे पुढच्या पिढीतले, १७१६ च्या सुमाराचे. पण शिवकाळात मुरलेले दुर्गशास्त्र त्यात उतरले आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, ते नसेल आणि जागा तर सोडता येत नसेल, तर खडक फोडून तळी-टाकी बांधावीत, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असा त्यातला उपदेश आहे. रायगडावर हा उपदेश आधीच आचरणात आलेला दिसतो. गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त आणि शिवाय जागोजागची टाकी. डोंगराच्या नैसर्गिक उताराने पाणी कोठे धावते ते पाहून त्याला अडवायचे. तळ्यासाठी खडक फोडला की दगड निघतो. तोच दगड बांधकामाला. म्हणजे खड्डाही कामाचा आणि त्यातून निघालेला ढिगाराही कामाचा. डोंगरावर दगड खालून चढवून आणणे म्हणजे काय, हे ज्याने डोक्यावरून पाण्याची एक घागर चढवली असेल त्याला विचारावे.

दुसरी गोष्ट वाटेची. महादरवाजापर्यंत चढून आलेल्याच्या लक्षात येते की अगदी जवळ पोहोचेपर्यंत दरवाजा दिसतच नाही. दोन प्रचंड बुरूज दोन्ही बाजूंनी पुढे येतात, वाट त्यांच्यामधून वळते आणि मग एकदम दार समोर उभे राहते. शत्रूला दूरवरून दारावर तोफ डागता येऊ नये, हत्तीला धडक देण्यासाठी धावायला जागा मिळू नये, आणि वळणात सापडलेल्या सैन्यावर वरून मारा करता यावा, असा त्या वळणाचा त्रिविध हेतू. याच दरवाजावर कमळे कोरलेली आहेत. ज्या दाराला इतके कठोर काम दिले, त्याला शोभाही द्यावी असे बांधणाऱ्याला वाटले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. किल्ल्याला एकच दार असणे हा मोठा दोष, असे आज्ञापत्रही सांगते. रायगडाला दुसऱ्या अंगाने वाघदरवाजा आहे. वाट इतकी अवघड की तिच्याकडे दरवाजा म्हणून पाहायलाही धैर्य लागावे.

तिसरी गोष्ट राजसभेची. नगारखान्याच्या भव्य कमानीतून आत आले की समोर सिंहासनाची जागा. मधले अंतर दोनशे फुटांच्या वर. तरीही नगारखान्याशी हळू आवाजात बोललेले सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी ऐकू येते. सहलीला गेलेली मुले कागद फाडून, टिचकी वाजवून हा प्रयोग करतात आणि आनंदाने ओरडतात. गंमत खरी; पण त्या गमतीमागे केवढी योजना आहे! भर दरबारात दूर उभ्या असलेल्या फिर्यादीचा शब्द राजाच्या कानी पोहोचावा, यासाठी येथे दगडांची रचनाच कामाला लावली आहे. ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी येथे राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सेंडन हजर होता. सात समुद्र ओलांडून आलेल्या त्या माणसाच्या मनावर या राज्याचा जो ठसा उमटला असेल, त्यात हिरोजीचाही वाटा होताच.

आणि मग राहते ते घरगुती : वाड्यातल्या शौचकूपांची सोय, सांडपाण्याचे मार्ग, उंच जोत्यांच्या बावीस-बावीस गाळ्यांच्या दोन समोरासमोर रांगा (जिला आपण बाजारपेठ म्हणतो), गंगासागराच्या काठचे द्वादशकोनी मनोरे. शिल्पकाराचे मोठेपण कमानीत दिसते. पण त्याचा प्रामाणिकपणा मोरीत दिसतो. रायगडावर दोन्ही दिसतात.

आता मूळ प्रश्न. एवढे सगळे एका माणसाला करू कसे दिले गेले? कोणत्याही राजाच्या दरबारात सल्ला देणारे काय थोडे असतात? ‘दार इकडे का नाही? तळे तिकडे का खणता?’ असे विचारणारे शंभर निघतात. राजाने आपल्या हातचा निर्णय दुसऱ्याच्या हातात द्यावा, ही गोष्ट मागून मिळत नाही. ती मिळवावी लागते; आणि ती मिळवण्याचा मार्ग त्या गडावरच लिहिलेला आहे. पाण्याचा उतार ज्याने पाहिला, तो तळ्याविषयी बोलला की ऐकावेच लागते. दरवाजाचे वळण ज्याने शत्रूच्या डोळ्यांनी पाहिले, त्याच्याशी वाद कोण घालणार? राजाला जे हवे आहे ते राजापेक्षाही बारकाईने ज्याला कळले, त्याला राजा आपण होऊन मोकळीक देतो. महाराजांची गुणग्राहकता तर थोरच. पण गुणग्राहकाला ग्रहण करायला गुण समोर असावा लागतो.

आणखी एक गोष्ट. जगदीश्वराच्या देवळाशी आणखी एक शिलालेख आहे, संस्कृतातला, मोठा, रीतसर. त्यात शके १५९६ चा, छत्रपतींचा आणि जगदीश्वराच्या प्रासादाचा उल्लेख आहे. विहिरी, तळी, उद्याने, वाटा, स्तंभ, गजशाळा, राजगृहे यांचा निर्देश आहे. हे हिराजीने निर्माण केले असे स्पष्ट सांगितले आहे आणि चंद्रसूर्य असेतोवर ते नांदो अशी इच्छा केली आहे. म्हणजे या माणसाचे नाव त्या देवळाशी दोनदा आहे! एकदा भिंतीवर, विद्वानांच्या भाषेत. एकदा पायरीवर, स्वतःच्या भाषेत. भिंतीवरच्या लेखात केलेल्या कामाची यादी आहे. पायरीवरच्या लेखात कामाची यादी नाहीच. काम कोणत्या वृत्तीने केले तेवढेच आहे.

कीर्तनात, व्याख्यानात या पायरीवरून नम्रतेचा धडा दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. केवळ नम्र माणूस नाव कोरतच नाही. हिरोजीने नाव कोरले, आडनावासकट कोरले. ‘तत्पर’ हा शब्द काही हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाचा नाही. जो कामात बुडालेला आहे, हाक येण्याच्या आधी उठलेला आहे, त्याचा आहे. ‘हे मी केले, आणि तुमच्यासाठी केले’ ही दोन वाक्ये एका ओळीत बसवणे फार कठीण. पहिलेच बोलले तर अहंकार होतो, दुसरेच बोलले तर लाचारी. पायरीवर ती दोन्ही बसली आहेत.

हे सुख सगळ्याच कलावंतांच्या वाट्याला आलेले नाही. आग्र्याचा ताजमहाल पाहा. त्यावरच्या अक्षरांची सजावट करणारा अमानत खान आपली सही तेथे करू शकला. पण ज्याने इमारत कल्पिली असे मानतात त्या उस्ताद अहमद लाहोरीचे नाव तेथे नाही. ते आपल्याला कळते त्याच्या मुलाच्या काव्यातून. याउलट कर्नाटकातल्या होयसळांच्या देवळांत मूर्तिकारांनी मूर्तींच्या तळाशी आपापली नावे खुशाल कोरून ठेवली आहेत. आणि ज्या वर्षी रायगडावर राज्याभिषेक झाला, नेमक्या त्याच सुमारास लंडनमध्ये ख्रिस्तोफर रेन नावाचा स्थपति हताश होऊन बसला होता. आगीत जळालेले सेंट पॉलचे मंदिर नव्याने बांधण्यासाठी त्याने १६७३-७४ मध्ये लाकडाचा एक भला मोठा नमुना तयार केला होता. तो त्याचा जीव की प्राण. पण धर्माधिकाऱ्यांना पसंत पडला नाही. मग त्याने त्यांना रुचेल असा दुसरा आराखडा दिला. १६७५ मध्ये राजाने तो मंजूर केला आणि शोभेसाठी लागतील ते फेरफार करण्याची मुभा रेनला दिली. रेनने त्या मुभेचा पुरेपूर उपयोग केला. काम चालता चालता इमारत इतकी बदलली की शेवटी जो घुमट उभा राहिला त्याचा मंजूर आराखड्याशी फारसा संबंध उरला नाही. मध्यंतरी, काम लांबले म्हणून, १६९७ मध्ये पार्लमेंटने त्याचा निम्मा पगारही अडकवला. तरी तो चिकटून राहिला. आज त्याच मंदिराच्या तळघरात त्याची कबर आहे आणि तिच्यावर, स्मारक शोधत असाल तर भोवती पाहा, अशा अर्थाचा लेख आहे. तो त्याच्या मुलाने लिहिला. रेनने आपली मोकळीक झगडून, थोडी युक्तीने, मिळवली. हिरोजीला ती विश्वासाने मिळाली. पण दोघांचेही भांडवल एकच : कामातून पाय न काढणे.

मात्र येथे थोडे थांबले पाहिजे. रायगड हिरोजीने बांधला म्हणताना, छिन्नी कोणी चालवली? सुरुंगाचे दर कोणी पाडले? चुन्याची घाणी कोणी फिरवली? पाथरवट, वडार, लोहार, सुतार, बिगारी; पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढलेल्या बायका. त्यांतल्या एकाचेही नाव पायरीवर नाही. टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडाला देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. पण टाकी धरणाऱ्या हातांचे काय, हे म्हणीत येत नाही. आमच्या भागात आजही घरांचे चिरेबंदी जोते पाहिले की ते कोणी बांधले हे म्हाताऱ्या माणसांना आठवते, तरण्यांना आठवत नाही. हिरोजीचे नाव वाचताना त्याच्यामागे उभ्या असलेल्या या अनामिकांचीही आठवण झाली पाहिजे. किंबहुना एक नाव टिकले म्हणून तर बाकीच्यांची उणीव जाणवते. एकही टिकले नसते तर कोणी विचारलेही नसते.

पुढच्या काळाची एक-दोन उदाहरणे देतो, कारण ती याच अंकाच्या पानांशी निगडित आहेत. आपण देवनागरी छापील अक्षर वाचतो, तेव्हा ते कोणीतरी घडवले आहे हे आपल्या मनातही येत नाही. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्या छापखान्याच्या सुबक अक्षरांनी साऱ्या हिंदुस्थानात नाव मिळवले. पण ती अक्षरे पोलादावर कोरणारा हात राणोजी रावजी आरू यांचा होता. निर्णयसागर सर्वांना ठाऊक; आरू किती जणांना? तद्वतच दिवाळी अंकांची मुखपृष्ठे. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. मुखपृष्ठावरचे चित्र हे पुष्कळ काळ पुस्तकाचे नुसते वेष्टन होते. दीनानाथ दलालांनी मात्र कोपऱ्यातल्या आपल्या सहीला असे वजन आणून दिले की लोक ‘दलालांचे चित्र’ म्हणून अंक हाती घेऊ लागले. एवढ्यावर न थांबता १९४५ मध्ये त्यांनी स्वतःचे ‘दीपावली’ सुरू केले. दुसऱ्याच्या घराचे दार रंगवणाऱ्याने आपले घर बांधले! हाही हिरोजीचाच मार्ग. फक्त पायरी कागदाची.

आमच्या शाळांतून बाहेर पडलेली मुले-मुली आज मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत बसून संगणकावर आराखडे काढतात, वस्तूंची वेष्टने आखतात, इमारतींचे नकाशे करतात. सणाला गावी आली की त्यांच्या बोलण्यात एक तक्रार हटकून येते : ‘आम्ही काढतो, वरचे बदलतात. आमचे काही चालत नाही. नाव तर कुठेच नाही.’ तक्रार खोटी नाही. सगळेच धनी शिवाजी महाराज नसतात, हे त्यांना कोणी सांगायला नको. आणि गुण असूनही ज्याला जन्मभर कोणी विचारत नाही, त्याला तत्परतेचा उपदेश करणे हा नुसता कोरडेपणा होईल. पण रायगडाकडे पाहून एवढे त्यांना सांगावेसे वाटते की अधिकार प्रथम कागदावर येत नाही, प्रथम कामात येतो. चित्र काढण्याआधी पाणी कोठून वाहते ते पाहा. जे सांगितले ते तर कराच. पण जे सांगायचे राहून गेले, ती मोरी, ते वळण, तो आवाज, तेही ओळखा. मग एक दिवस असा येतो की धनी नकाशा पुढे करून विचारतो, ‘तुम्हाला काय वाटते?’ त्या प्रश्नात अर्धे स्वामित्व आले. उरलेले अर्धे, म्हणजे नाव; ते मात्र मागून घ्यावे. हिरोजीनेही, दंतकथा खरी असेल तर, मागूनच घेतले. त्यात कमीपणा नाही.

आणि ज्यांच्या हाती दुसऱ्यांचे काम असते, त्या धन्यांसाठीही पायरीचा अर्थ आहे. नाव कोरू दिल्याने महाराजांचे काय उणे झाले? गड महाराजांचाच राहिला.

पुढे त्या गडाने फार सोसले. १६८९ मध्ये तो मोगलांच्या हाती गेला, १७३३ मध्ये मराठ्यांकडे परत आला. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात आग लागली आणि लाकडाचे होते ते सारे जळाले. वाड्यांची छपरे गेली, जोती राहिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यात रायगड आहे. १९९६ पासून दोरीची गाडी आहे, तेव्हा थोड्या मिनिटांत वर जाता येते. जगदीश्वराची पायरी मात्र होती तेथेच आहे. सिंहासन गेले, मनोऱ्यांचे वरचे मजले गेले, नगाऱ्यांचा आवाज गेला. ज्याने हे सारे रचले त्याची एक ओळ, सर्वांच्या पायांखाली असूनही, पुसली गेली नाही.